घरचं परीक्षण

आमच्या बँकेत सोमवारी सकाळी पहिला व्यवहार पैशाचा होत नाही, मताचा होतो. शटर वर जातं, शिपाई टेबलांवरून फडकं फिरवतो, कॅशियर तिजोरीकडे जाता जाता मध्येच थांबतो आणि म्हणतो, "काल एक पिक्चर पाहिला घरी. काही दम नाही." झालं. एवढ्यावर दिवस सुरू होतो. बाहेर पेन्शनवाले आजोबा पासबुक हातात घेऊन उभे असतात, पण कॅशियरचं मत जमा करून घेतल्याशिवाय त्यांचे पैसे सुटत नाहीत.

मात्र गेल्या सोमवारी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी पेन खाली ठेवलं. कॅशियरनं पाहिला होता तो कोरियातला खुनाचा सिनेमा. कर्जविभागातल्या बाईंनी मल्याळम पाहिला होता. शिपायानं मोबाइलवर तेलुगूचा हिंदी केलेला पाहिला होता, आणि तोही भाकर खाता खाता, म्हणजे अर्धाच. मॅनेजरसाहेब कसल्याशा मालिकेच्या सातव्या भागात झोपले होते आणि आठव्यात जागे झाले होते; त्यांच्या मते कथानकात मधे काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. पाच टेबलं, पाच सिनेमे, आणि एकानं पाहिलेला दुसऱ्यानं पाहिलेला नाही. प्रत्येकजण आपापलं मत नावे टाकतोय आणि जमेच्या बाजूला कोणीच नाही. असा ताळेबंद जुळायचा कसा?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. इतिहासाशी माझा संबंध दहावीला तुटला तो दोघांच्याही संमतीनं. तरीसुद्धा घरी बसून सिनेमा पाहणं आणि त्यावर मत देणं या उद्योगाचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा, आणि विद्वान लोक तो लिहितील असं दिसत नाही, म्हणून मी लिहितो आहे. चुकलं तर खोडून वर सही करीन. आम्हांला ती सवय आहे.

लोक समजतात की सिनेमा आधी थिएटरात आला आणि मग फार वर्षांनी घरात शिरला. हे खरं नाही. निदान आपल्याकडे तरी सिनेमा घरातच जन्मला. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि मुंबईत दादरच्या राहत्या घरी त्यांनी पहिला प्रयोग केला तो वाटाण्यावर. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत राहिले. महिनाभराचं वाढणं पडद्यावर काही क्षणांत घडलं. हा तुकडा घरच्या मंडळींना आणि ओळखीच्यांना दाखवला, तो पाहून भांडवल घालायला माणूस तयार झाला आणि पुढचं सगळं रामायण, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र', घडलं. तेव्हा घरबसल्या पाहिलेला आपला पहिला सिनेमा म्हणजे एका वाटाण्याची जीवनकथा. नायक शाकाहारी, हाणामारी नाही, शेवट सुखाचा. सहकुटुंब पाहण्यासारखा.

या घरच्या खेळात घरच्या बाईचा वाटा किती, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने गहाण टाकायला काढून दिले. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडावी लागत, तेही काम त्या घरी अंधारात बसून करीत. फिल्म धुणं, रसायनं कालवणं, आणि चित्रीकरणासाठी जमलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे वेगळंच. आता गंमत पाहा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. असं सांगतात की दादासाहेबांनी बायकोलाही विचारून पाहिलं आणि त्यांनी नाही म्हटलं; एवढी कामं अंगावर असताना राणी व्हायला सवड कोणाला! शेवटी तारामती सापडली ती एका हॉटेलात. साळुंके नावाचे गृहस्थ तिथं स्वयंपाकी होते, त्यांना साडी नेसवून उभं केलं. म्हणजे ज्याचं काम स्वयंपाक, तो पडद्यावर राणी झाला, आणि राणी व्हायची ती स्वयंपाकघरात राहिली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. त्याच्यावर तेव्हापासून आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण फिल्मला भोकं पाडून झाल्यावर, भांडी आवरून झाल्यावर, सरस्वतीबाईंना तो सिनेमा कसा वाटला, हे माझ्या वाचनात कुठं आलं नाही. मला वाटतं, त्यांना कोणी विचारलंच नसावं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो मला पुढं लागणार आहे.

त्यानंतर सिनेमा घराबाहेर पडला तो सत्तर वर्षं परत आला नाही. मुलगा मुंबईला नोकरीला गेल्यावर करतो तसंच. तो थिएटरात राहिला, तंबूत राहिला, जत्रेत राहिला. आमचे अण्णा सांगत, की माळेगावच्या जत्रेत त्यांनी तंबूतला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूनं पाहिला होता. तिकडून पैसे पडत नसत. फक्त नायक डावखुरा दिसे. त्या काळात मतं कमी होती आणि त्याचं कारण अर्थशास्त्रीय आहे. ज्यानं पदरचे पैसे मोजून तिकीट काढलं, तो सिनेमा वाईट होता असं लगेच म्हणत नाही. म्हटलं तर स्वतःचंच नुकसान कबूल करावं लागतं. सिनेमाला सर्रास नावं ठेवण्याची प्रथा तो फुकट दिसायला लागल्यावरची.

तो फुकट दिसायला लागला दूरदर्शनवर. दिल्लीत १९५९ साली टीव्ही सुरू झाला, मुंबईला १९७२ साली, १९८२ साली त्याला रंग आला, आणि आमच्या उमरीत तो कधी आला याचं उत्तर असं, की मास्तरांनी घेतला तेव्हा. नांदेड जिल्ह्यातलं आमचं गाव. एका बाजूला मोंढा, एका बाजूला रेल्वेचं स्टेशन; गाडीत बसलं की मुदखेडमार्गे नांदेड नाहीतर उलट्या दिशेनं निजामाबाद. आज तालुक्याचं गाव आहे, पण मी सांगतो तेव्हा, म्हणजे १९८७ साली, आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, तो इंग्रजीच्या मास्तरांकडे. काळापांढरा, लाकडी शटरचा, आणि वर गच्चीवर काठीला बांधलेली अँटेना. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की मास्तरांच्या घरात चपलांचा ढीग पडे आणि संध्याकाळी हिंदी सिनेमा लागला की तो ढीग ओट्यावरून रस्त्यावर जाई. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. माझं काम गच्चीवर. खालून ओरडा यायचा, "आलं का?" मी अँटेना फिरवायचो, खालून पुन्हा, "गेलं, गेलं!" माझ्या बालपणीचे निम्मे सिनेमे मी अँटेनेची काठी धरून पाहिले, म्हणजे पाहिले नाहीतच.

मास्तरांच्या खोलीत बसण्याची एक रीत आपोआप ठरली होती. खुर्चीवर मास्तर आणि स्टेशनमास्तर. सतरंजीवर आम्ही पोरं. भिंतीला टेकून पुरुषमंडळी. मागं, दाराजवळ, बायका. आणि खिडकीबाहेर ज्यांना आत या असं कोणी म्हणत नसे ते. गजांना धरून उभे राहत. सिनेमा सगळ्यांना तोच दिसे. पुढं मला कळलं, की आत या न म्हणण्याला जागेची अडचण हे एकच कारण नव्हतं. लहानपणी कळलं नाही, कारण खिडकीतून येणारी मतं सगळ्यांत मोठ्यानं येत आणि सगळ्यांत चांगली असत. नायक श्रीमंत बापाचं घर सोडून निघाला की खिडकीतून आवाज यायचा, "उद्या कामावर ये म्हणावं मोंढ्यात, हमाल कमीच आहेत."

मतं देण्यावर बंधन कसलंच नव्हतं. आजच्यासारखं सिनेमा संपल्यावर मत देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. मत सिनेमाच्या बरोबरीनं चालायचं, कधी दोन पावलं पुढं. आमच्या गल्लीत एक आजोबा होते. कुठल्याही हिंदी सिनेमात दरोडा पडला, की ते घसा साफ करीत. मग सगळ्यांना कळे, आता उमरीची बँक निघणार. आणि ते चूक होतं असंही नाही. ३० जानेवारी १९४८ला, निजामी राज्यात, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी आमच्या उमरीची बँक लुटली होती. हैदराबाद स्टेट बँकेची शाखा ती. लाखोंची रक्कम लढ्यासाठी गेली. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामुळं गावाला त्या तारखेचा आनंद करावा की दुःख, हे अजून ठरवता आलेलं नाही. आजोबा त्या वेळी ऐन तारुण्यात होते. त्यामुळं पडद्यावर काळा चष्मा लावलेला डाकू पिशवीत नोटा कोंबून घोड्यावरून पळाला, की ते म्हणत, "हा काय दरोडा आहे? ह्यानं पैसे मोजले तरी का? आमच्यावाल्यांनी हिशेब ठेवला होता, हिशेब! नंतर दिला सरकारला." हिशेब न ठेवणारा दरोडेखोर त्यांच्या दृष्टीनं नटच नव्हता. मी पुढं बँकेत लागलो, त्याच्या मुळाशी हे परीक्षण असावं अशी मला शंका आहे.

रविवारी दुपारी बक्षीस मिळालेले निरनिराळ्या भाषांतले सिनेमे लागत. बंगाली, कन्नड, ओडिया, आणि खाली इंग्रजी अक्षरं. खोलीत इंग्रजी येणारे मास्तर एकटे. ते अक्षरं वाचायचे, मनात मराठी करायचे, आणि मग सांगायचे; तोपर्यंत पडद्यावरचा माणूस दुसऱ्या गावाला पोचलेला असे. विनोद झाला तर आमची खोली अर्ध्या मिनिटानं हसे, नेमकं त्या वेळी पडद्यावर कोणीतरी मेलेलं असे. तेलुगू लागला तर मात्र मास्तरांची सुट्टी. कापडवाल्यांच्या सूनबाई निजामाबादकडच्या. त्या दाराजवळ बसून भराभर मराठी करून सांगत आणि त्यांच्या मराठीत सासू नेहमी जास्त दुष्ट निघे. मास्तरांना संशय होता की त्या पदरचं घालतात. पण पुरावा काय?

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' आम्ही असाच पाहिला. जगभरातल्या विद्वानांनी त्या सिनेमातल्या रेल्वेच्या प्रसंगावर कायकाय लिहून ठेवलंय; ती दोन भावंडं पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून धावत गाडी बघायला जातात, तो. उमरीचं मत वेगळं पडलं. आमच्या घरामागून दिवसाउजेडी दहा वेळा गाडी जायची आणि प्रत्येक वेळी फडताळातल्या कपबश्या वाजायच्या. सगळी खोली चकित होऊन बघत राहिली आणि स्टेशनमास्तर म्हणाले, "गाडीच तर आहे. एवढं पळायचं काय त्यात?" कोणी हसलं नाही. सगळ्यांनाच तो प्रश्न योग्य वाटला होता. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि माझी बहीण मुद्दाम रुळाच्या बाजूच्या गवतातून पळालो. गाडी आली, गेली. माझ्या पायात काटा मोडला. तो काढताना आईनं विचारलं, कुठं गेला होतास, आणि मी म्हणालो, सिनेमात.

अण्णांचं मत मात्र कायम एकच असे. ते जिनिंगमध्ये मुनीम होते. दिवसभर आकडे आणि तोंडात सुपारी, त्यामुळं शब्दांची काटकसर. सिनेमा संपला, मास्तरांनी विचारलं, "काय मुनीमजी, कसा वाटला?" की अण्णा धोतर झटकून उठत आणि म्हणत, "बरा होता." 'शोले' बरा होता. 'श्यामची आई' बरा होता. ज्या सिनेमाची रिळं दूरदर्शनवाल्यांनी चुकून मागंपुढं लावली होती असा गल्लीचा एकमतानं निर्णय झाला, तोसुद्धा बरा होता. मी या दोन शब्दांतले बारीक भेद ऐकायला शिकलो. 'बरा' लांबला तर आवडला. 'होता' लवकर आला तर नाही आवडला. नुसतंच "हं" म्हणून उठले, तर उठताना डोळे पुसलेले असत.

१९९० साली अण्णांनी आमच्याच घरी टीव्ही घेतला, हप्त्यावर. त्या दिवशी मला वाटलं आता सगळं नीट दिसणार. मला दिसलं. पण टीव्ही बसला बाहेरच्या खोलीत आणि आई राहिली आतल्या खोलीत. दोन्हींच्या मधे भिंत, भिंतीला दार, आणि दारातून दिसे ती फक्त टीव्हीची डावी बाजू. मास्तरांच्या घरी निदान ती दाराजवळ बसून सबंध पडदा पाहायची. स्वतःचा टीव्ही आला आणि तिचा सिनेमा गेला. कारण स्वतःच्या टीव्हीसमोर आलेली माणसं स्वतःची पाहुणी होतात. चहा ठेवा, भाकरी थापा, कोणाचं पोर रडतंय त्याला दूध द्या. आई सिनेमा ऐकायची. भाकरीचा थापटा, मधे थोडी शांतता, आणि मग आतून हाक: "मध्ये काय झालं रे?"

हे मधे काय झालं ते सांगण्याचं काम माझ्याकडं आलं. जाहिरात लागली की धावत आत जायचं, दोन वाक्यांत कथा सांगायची, पोळपाटावरचा कणकेचा गोळा चोरायचा आणि परत. बँकेत माझ्या अहवालांचं साहेब लोक जे कौतुक करतात, ते कौशल्य मी चुलीजवळ मिळवलेलं आहे. आईची मतं आवाजावर बेतलेली असत. निळू फुल्यांचा नुसता आवाज ऐकून ती म्हणायची, "हा माणूस आला की दाराला कडी घाला." 'पिंजरा' लागला तेव्हा डॉक्टर लागूंचा तो मास्तर उतरणीला लागलेला आम्ही डोळे फाडून बघत होतो. मी आत धावलो, दोन वाक्यांत त्याचं अधःपतन सांगितलं. आईनं तव्यावरची भाकर उलटली आणि विचारलं, "आणि जेवतो कुठं तो?" आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हतं. नीतीचा प्रश्न बाहेरच्या खोलीला पडला होता, पोटाचा आतल्या. मी आजही तो सिनेमा पाहताना माझं लक्ष त्याच्या ताटाकडे जातं.

आता मी एका गुन्ह्याकडे येतो. १९९३ची गोष्ट, मी बारा वर्षांचा. तेव्हा भाड्यानं व्हीसीआर आणायची टूम निघाली होती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, एका रात्रीपुरत्या. गल्लीनं वर्गणी काढायची आणि सकाळी दुकानदाराचा पोरगा येऊन घेऊन जायचा. एका रात्रीत तीन सिनेमे बसवायचे म्हणजे रात्र थोडी आणि सोंगं फार. कुठले तीन, यावर आठ दिवस खल झाला. पुरुषांच्या मतानं पहिला 'शोले'. कितव्यांदा ते विचारायचं नाही. पोरांच्या मतानं दुसरा 'अशी ही बनवाबनवी'. आणि बायकांच्या आग्रहाखातर तिसरा 'माहेरची साडी'. आग्रहाचा मान राखला, पण क्रमांक शेवटचा दिला, हे लक्षात आलं असेल.

'माहेरची साडी' १९९१ सालची, विजय कोंडक्यांची. मूळ गोष्ट 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमाची, पुढं हिंदीतही 'साजन का घर' नावानं आली. एकच पोर तीन भाषांत सासरी गेली आणि तिन्ही भाषांतल्या बायका तिच्यासाठी रडल्या. गावोगावच्या थिएटरांत बायका डबे बांधून जात होत्या. आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्याची कीर्ती फक्त ऐकलेली. आईचं माहेर लांब, तिकडं जाणं दोन वर्षांतून एकदा. तिनं त्या सिनेमाचं नाव महिनाभर धरून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं, कारण एरवी ती सिनेमाचं नावच घेत नसे.

नऊला 'शोले' लागला. साडेबाराला गब्बर आवरला. मग चहा झाला. कोणी केला ते सांगायला नकोच. तीनच्या पुढं 'बनवाबनवी' संपला आणि खोली अशी दिसत होती, की युद्धानंतरचं मैदान. पुरुष घोरत होते. बायका एकेक करून लेकरं उचलून गेल्या होत्या, दोघी-तिघी उरलेल्या त्या बसल्या जागी लवंडल्या होत्या. कोणीतरी तिसरी कॅसेट घातली. आई हात पुसत येऊन भिंतीला टेकून बसली. तिची मान डुलताना मी पाहिली. मी जागा राहून पूर्ण सिनेमा पाहणार आणि तिला सांगणार, असा माझा विचार होता. मला अलका कुबल आठवतात, सासू आठवते, आणि एकदम दूधवाल्याची हाक. उजाडलं होतं. पडद्यावर मुंग्या होत्या.

सकाळी पोहे वाढताना आईनं विचारलं, "शेवटी काय झालं रे?"

मी शेवट पाहिलेला नव्हता. तसं सांगता आलं असतं. पण तीन वर्षं ज्या माणसानं प्रत्येक सिनेमाचा अहवाल बिनचूक दिला, त्याची पत असते. मी घास गिळला आणि म्हणालो, "बाप आला आणि पोरीला घरी घेऊन गेला."

"हो का?" आई म्हणाली. "चांगलं झालं." आणि माझ्या ताटात आणखी एक चमचा पोहे पडले.

दुपारी शाळेत मला खरा शेवट कळला. ती मरते. अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, मला सोडून. त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते विचारू नका. पिठाच्या गिरणीत, नळावर, हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की माझ्या पोटात गोळा यायचा; आता कोणीतरी आईला सांगणार आणि मी उघडा पडणार. पण कोणी काही बोललं नाही. बायकांच्या जातीत फार सभ्यता असते असा निष्कर्ष मी काढला. पुढं केबल आली, तेव्हा तो सिनेमा वरचेवर लागायचा. आई समोर असली की मी चॅनल बदलायचो, काहीतरी बातमी बघायची आहे म्हणून. वीस वर्षांत मी जेवढ्या बातम्या पाहिल्या, तेवढ्या पत्रकारानंही पाहिल्या नसतील.

बाकीचा इतिहास भराभर उरकतो, कारण तो तुम्हांला ठाऊक आहे. केबलनं चोवीस तास सिनेमा आणला, तेव्हा तो शेवटापर्यंत पाहण्याची सवय मोडली. सीडी आली, ती नेमकी शेवटी अडकायची. मग मोबाइल. २०१६ साली 'सैराट' नांदेडच्या थिएटरात आम्ही सगळे मिळून पाहिला. मराठीत शंभर कोटींची उलाढाल त्यानं पहिल्यांदा केली म्हणतात आणि त्यात आमच्या सहा तिकिटांचे आहेत. पुढं तो टीव्हीवर लागला तेव्हा अण्णांनी तो घरी पुन्हा पाहिला. लहान पोराची पावलं उमटतात तो शेवट आला. मी वाट बघत होतो. 'बरा होता' आलं नाही, "हं"ही आलं नाही. ते उठले, दाराची कडी लागली आहे का ते बघून आले आणि झोपायला गेले. अण्णांना जाऊनही आता काही वर्षं झाली. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा चौघंजण घरात असूनही टीव्हीसमोर आई एकटीच होती. मी लॅपटॉपवर, बायको तिच्या फोनवर, पोरगी तिच्या. मात्र आतल्या खोलीत आता कोणी नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. सिनेमा सुटा झाला, तशी आईही सुटी झाली. आता तिला सबंध पडदा दिसत होता आणि नेमका तेव्हाच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

तो या दिवाळीनंतर काढला. डॉक्टर म्हणाले, महिन्यानं खुशाल टीव्ही पाहा. दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. मी आंघोळ करून बाहेर आलो तर माझी पोरगी मोठ्या टीव्हीला आपला फोन जोडून देत होती. "आजी, कोणता लावू?" आणि आई म्हणाली, "माहेरची साडी आहे का बघ."

पळायला जागा नव्हती. या टीव्हीवर बातम्या लावायच्या कशा, हे मला येत नाही. मी ओल्या केसांनी खुर्चीत बसलो, ऑडिटर समोर बसल्यावर बसतो तसा. अडीच तास बसलो. पोरगी सिनेमा लावून देऊन कोपऱ्यात स्वतःच्या फोनमध्ये शिरली होती, कानात बोंडकं घालून. शेवट आला. तो जसा आहे तसाच आला. आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरेच्चा, शेवट असा आहे होय?" मी म्हणालो. जमेल तितक्या निरागसपणे म्हणालो.

"असाच आहे की," आई म्हणाली. "तेव्हाही असाच होता."

"तेव्हा तर तू झोपली होतीस!"

"मी कशी झोपणार? तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाय बधिर झाला होता नुसता. दूधवाला आला तरी तू उठला नाहीस."

तीस वर्षांचा हिशेब माझ्या डोळ्यांपुढून गेला. गिरणी, नळ, हळदीकुंकू, बातम्या. "मग सकाळी मला विचारलंस कामून?"

"म्हटलं बघावं, काय सांगतोस."

मी गप्प बसलो. मग मला सरस्वतीबाई आठवल्या आणि मी विचारलं, "पण सिनेमा कसा वाटला तुला?"

आईनं विचार केला. मला वाटतं तिला हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच विचारला जात होता, त्यामुळं ती घाई करणार नव्हती. "लांबवलाय थोडा," ती म्हणाली. "रडायला लावतात, ते ठीक आहे. पण सासूचं काम करणारी बाई फार चांगली आहे. तिला सगळे शिव्या देतात बघ, आणि सगळा सिनेमा तिनं ओढलाय."

एवढ्यात कोपऱ्यातल्या पोरीनं एका कानातलं बोंडूक काढलं. "संपला का? आजी, शेवटी काय झालं?"

आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"काही नाही गं," ती म्हणाली. "बाप आला आणि पोरीला घरी घेऊन गेला."

"ओके," म्हणून पोरीनं बोंडूक पुन्हा कानात घातलं.